सोडलेला आंबा

भांडण आंब्यावरून नव्हतं, पण झालं ते आंबा खाताना.

बेळगावच्या खासबागेतल्या मार्तंड वकिलांच्या घरी दुपारची जेवणं चालली होती. स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला, हौदापाशी, मंगल भांडी विसळत बसली होती. तेरा-चौदाची पोर. तिची आई जयाबाई त्या घरात धुणंभांडी करायची आणि मायलेकी परड्यातल्या खोलीत राहायच्या. भिंत ती केवढी, त्यात वकिलांचा आवाज कोर्टात कमावलेला. कानात बोळे घातले असते तरी ऐकू आलं असतं. आणि मंगल कशाला बोळे घालतेय, भांडण तिच्यावरूनच चाललेलं.

वकिलांची बायको विनोदिनीबाई पुढच्या सोप्यात भरतनाट्यमचा क्लास घ्यायच्या. चांगल्या घरच्या मुली यायच्या, रिक्षातून, आयांच्या बोटाला धरून. त्यांच्यातच त्यांनी मंगललाही उभं केलं होतं आणि आता तिचा रंगप्रवेश करायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. रंगप्रवेश म्हणजे नाच शिकलेल्या पोरीचं पहिलं एकटीचं नाचणं. हॉल घ्यायचा, पत्रिका छापायच्या, मृदंगवाला आणि गाणारा बोलवायचा, रेशमी पोशाख शिवायचा, आणि पोरीनं संध्याकाळभर एकटीनं स्टेज सांभाळायचं. लग्नाइतका थाट. त्या दिवसापासून तिला नाचणारी म्हणायचं. त्याच्या आधी कितीही नाचली तरी ती शिकणारी.

वकील नाही म्हणत नव्हते. वकील कधीच नाही म्हणत नाहीत. घरात नाचू दे, क्लासात नाचू दे, शाल्मलीच्या शेजारी उभी राहू दे, मी काही बोललो का, असं त्यांचं चाललेलं. शाल्मली म्हणजे त्यांची लेक, मंगलपेक्षा वर्षानं धाकटी. पण हॉलमध्ये, एकटी? मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि खाली आणलेला आवाज भिंतीतून जास्तच साफ आला.

“मागच्या रांगेला तिचा चेहराच दिसणार नाही, विनू. नुसता पोशाख नाचतोय असं वाटेल लोकांना.”

मग वाटी ताटावर आपटल्यासारखी ठेवलेली.

“तिचा रंगप्रवेश होईपर्यंत मी आंबा तोंडात घालणार नाही,” बाई म्हणाल्या.

“विचार कर,” वकील म्हणाले. “यंदा धारवाडचा हापूस लई गोड निघालाय.”

देवासाठी, नवऱ्यासाठी, लेकरासाठी आपल्याकडं बायका काय काय सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी दूध, कुणी पायात चप्पल घालत नाही. पण कामवालीच्या पोरीसाठी आंबा सोडलेली बाई खासबागेनं तोवर बघितली नव्हती. मंगलच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं, राख वाळून गेली.

थोड्या वेळानं जयाबाई बाहेर आली. हातात बाईंची न खाल्लेली फोडींची वाटी. मंगलपुढं ठेवली आणि म्हणाली, “खा गं. थोरामोठ्यांनी सोडलं की आपल्याला गावतंय.”

मंगलनं खाल्ला. वकील खोटं बोलले नव्हते, लई गोड होता.

*

मंगलचं आडनाव सिद्दी. खानापूरच्या पलीकडं, हल्याळकडच्या वाटेला, रानाच्या कडेकडेनं ह्या लोकांच्या वाड्या आहेत. कधीकाळी फिरंग्यांनी आफ्रिकेतून जहाजात घालून गोव्याला आणलेली माणसं. तिथनं जीव घेऊन रानात पळाली आणि रानातच रुजली, असं सांगतात. त्याला इतक्या पिढ्या झाल्या की आफ्रिका उगवतीला का मावळतीला, हे मंगलच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. बोलणं कोकणी-मराठी मिसळलेलं, बाजारात कानडी, देव इथले, सण इथले, भाकरी इथली. फक्त रंग तव्याच्या बुडासारखा आणि केस डोक्याशी घट्ट वळलेले. तेवढ्यावर बसमधला कंडक्टर तिला बघून इंग्रजीवर यायचा. कुठला देश, म्हणून विचारायचा. मंगल म्हणायची, “खानापूर,” आणि सुटे पैसे पुढं करायची.

नाच तिला कुणी शिकवायला बसलं नव्हतं. सहा-सात वर्षांची असताना ती सोपा झाडायची, तेव्हाच क्लास सुरू व्हायचा. बाई लाकडी ठोकळ्यावर दांडकं मारून ताल धरायच्या. दांडकं पडलं की पुढं मुलींचे पाय आणि मागं झाडूसकट हिचे. एकदा बाईंनी दांडकं मुद्दाम मध्येच थांबवलं. सगळ्या मुली गडबडल्या, हिचे पाय चुकले नाहीत. बाई उठल्या, झाडू तिच्या हातातून काढून घेतला आणि कोपऱ्यात ठेवला. मंगलला वाटलं, आता मार बसणार. बाईंनी तिला पहिल्या रांगेत उभं केलं.

विनोदिनीबाईंना नावं ठेवायला जागा नाही, हीच खरी पंचाईत. वाईट असत्या तर मंगल कधीच सुटली असती.

भांडणानंतरच्या वर्षी क्लासचा वार्षिक कार्यक्रम आला. कृष्णाचा नाच होता आणि बाईंनी कृष्ण मंगलला दिला. सगळ्यांच्या आधी तो नाच तिचाच बसला होता. रंगवायला बाहेरगावचा माणूस आला, पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत एक गुलाबी रंग आणि कृष्णासाठी एक निळा. साऱ्या मुलींना तोच गुलाबी फासायचा, म्हणजे सगळ्या एका आईच्या वाटायच्या. मंगलला त्यानं निळा लावायला घेतला. एक हात लावला, दुसरा लावला. रंग काही उठेना. त्यानं बाईंना हाक मारली आणि म्हणाला, हिच्यावर अख्खी बाटली ओतली तरी कृष्ण होत नाही बघा, वेळ कमी आहे, दुसरी पोर द्या.

बाई वाद घालत राहिल्या. बाहेर लोक बसलेले, कुणीतरी शिट्टी मारली. शेवटी शाल्मलीला पुढं केलं. दुधासारखी पोर, एका हातात निळी झाली. मंगलचं मोरपीस काढून तिला लावलं.

देव काळा, हे सगळ्यांना मान्य आहे. त्याच्या काळेपणावर अभंग आहेत, गौळणी आहेत. पण सोंग घ्यायचं झालं तर माणूस गोरं लागतं आणि मग त्याला रंगवावं लागतं. मंगलला पडद्याच्या कडेला टाळ घेऊन बसवलं. चेहऱ्यावरचा अर्धा निळा तसाच राहिला होता. घरी आल्यावर जयाबाईनं खोबरेल लावून पुसला आणि पुसताना म्हणाली, “एवढ्या रंगानं निळी झाली असतीस तर मग काळी कशी म्हणायची तुला.” ती हसली, म्हणून मंगलही हसली.

त्या उन्हाळ्यात बाईंनी आंबा खाल्ला नाही.

पुढच्या वर्षी शाल्मलीचा रंगप्रवेश झाला. पोटची पोर आधी, ह्यात कुणाला काय बोलायचं. मंगलनं तिच्या पायात घुंगरं बांधली, निऱ्यांना इस्त्री केली, वेणीत गंगावन गुंफलं. गंगावन म्हणजे लांब वेणीसाठी जोडायचे केस. मंगलच्या स्वतःच्या केसांत ते ठरायचंच नाही, पण दुसऱ्याच्या डोक्यावर तिच्यासारखं पक्कं कुणी बसवत नव्हतं. शाल्मली नाचली, बरी नाचली. मंगल तिला तेव्हापासून ‘ताई’ म्हणायला लागली. वयानं मंगल थोरली, पण रंगप्रवेश झालेली ती.

मग एक वर्ष वकिलांचं ऑपरेशन निघालं. एक वर्ष हॉल मिळाला नाही. एक वर्ष गाणाऱ्यानं येतो म्हटलं आणि मुलगी कोण ते कळल्यावर त्याला त्याच दिवशी दुसरीकडं जायचं आठवलं. बाई दर वेळी रडायच्या. खोटं नाही, खरंच रडायच्या, आणि पदरानं डोळे पुसत म्हणायच्या, “पुढच्या वर्षी नक्की, मंगल. माझा आंबा आहे ना तुझ्याजवळ गहाण.”

*

मंगल तिशीच्या आत असताना एकदा एका उत्सवाचं बोलावणं आलं. बाईंनीच तिचं नाव पाठवलं होतं, एकटीच्या नाचासाठी. बाईंनी आपला स्वतःचा रंगप्रवेशाचा पोशाख काढला, किरमिजी, जरीचा. मंगलच्या मापाचा करून दिला. मंगलनं तो पिशवीत घालून छातीशी धरून नेला.

मैदानाच्या मागं तंबू होता. तिथं तिला तिचाच भाऊ भेटला, यल्लाप्पा, वाडीवर आज्याकडं वाढलेला आणि आता उद्यमबागेत फौंड्रीत कामाला लागलेला. अंगावर झाडाचा पाला बांधलेला, तोंडावर चुन्याचे ठिपके. मंगलला बघून त्यानं मान खाली घातली. आयोजकांपैकी एकानं मंगलपुढं पाल्याची जुडी टाकली. तिनं सांगितलं, मी भरतनाट्यमला आलेय. त्यानं कागद बघितला. सिद्दी लिहिलंय की, म्हणाला, सिद्दी नाच पाचव्या नंबरला आहे, आवरा लवकर.

“आक्का, आपल्या आईनं उभ्या जन्मात पाला बांधला नव्हता गं अंगाला,” यल्लाप्पा म्हणाला. “लुगडं नेसून फुगडी घालायची ती.”

“मग तू का बांधलास?”

“साहेबानं सुट्टी दिली न्हाय का ह्याच्यासाठी. परत गेल्यावर काय सांगू?”

जयाबाई आदल्या वर्षीच गेली होती, म्हणून बरं. मंगलनं पाला बांधला. का बांधला, हे तिला पुढं कितीदा विचारलं तरी तिनं सांगितलं नाही. भावाला एकटं सोडवलं नसेल. किंवा इतकी वर्षं थांबल्यावर अंगाला स्टेज कसलंही चालत असेल. भुकेला शिळं-ताजं कळत नाही. ती नाचली आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. बाईंनी तो कापून ठेवला आणि चष्मा पुसत तिला दाखवला. “बघ मंगल. पहिल्या रांगेत आहेस.”

किरमिजी पोशाख मंगलनं घडी न मोडता परत दिला.

त्यानंतर तिनं स्वतःहून विषय काढला नाही. बाई काढायच्या, आंब्याच्या दिवसांत. क्लास मोठा झाला होता आणि लहान मुलींना मंगलच शिकवायची. पण काही आयांनी बाईंना गाठून, गोड बोलून, सांगितलं की हावभाव मुली तोंडाकडं बघून शिकतात, तेवढे तुम्हीच घ्या. मग तशी वाटणी झाली. पाय मंगलकडं, चेहरा बाईंकडं. मंगल ताल धरायची, मुलींचे गुडघे वाकवायची, टाचा सरळ करायची, आणि मग राग, रुसवा, लाज, वात्सल्य यायची वेळ झाली की उठून आत चहा ठेवायला जायची.

चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरात ती काय करायची ते फक्त यल्लाप्पानं एकदा बघितलं. मागच्या दारानं आला, तर आक्का चुलीपुढं उभी, आणि भांड्याच्या कपाटाच्या काचेत बघून रुसली होती. त्याला आधी वाटलं, खरंच रुसली. मग ती हसली, मग कुणाला तरी जवळ बोलावलं, मग डोळे भरून आले. चहा उतू गेला. तो आला तसाच बाहेर गेला आणि पुढच्या दारानं परत आला.

यल्लाप्पा दर वर्षी म्हणायचा, चल माझ्याकडं. लग्नाचंही एक-दोनदा निघालं. ती म्हणायची, बाईंचा आंबा अडकलाय, तो सुटू दे. तो चिडायचा. एकदा म्हणाला, “आक्का, आंबा सोडून त्या बाईचं काय गेलं? बारा महिने बाकी सगळं खातीया की.”

खरं तर त्यानं बाईंचं नावच झालं होतं. उन्हाळ्यात पाहुणे यायचे, पानात आमरस वाढला जायचा, बाई वाटी बाजूला सारायच्या, पाहुणे का म्हणून विचारायचे, आणि वकील गोष्ट सांगायचे. तीच ती गोष्ट. पाहुण्यांचे डोळे पाणवायचे. एवढं मोठं मन, म्हणायचे. मग कुणीतरी विचारायचं, कोण ती मुलगी? वकील आतल्या दाराकडं बोट करायचे, आणि मंगल रसाची दुसरी वाढ घेऊन बाहेर यायची. बाईंचा आंबा साऱ्या बेळगावला ठाऊक झाला. मंगलचा नाच कुणाला ठाऊक व्हायचं कारण नव्हतं.

तो आंबा बाजारातून आणायचीही मंगलच. दर हंगामात, खासबागेच्या बाजारात अक्काताईकडून. अक्काताई कंग्राळीची, पावशेर तोंड आणि मणभर आवाज. मंगल आंबा उचलायची, देठाशी नाक न्यायची, खाली ठेवायची, दुसरा उचलायची. अक्काताई म्हणायची, “हुंगून हुंगून वास संपवशील गं माझ्या मालाचा.” पिशवी भरली की विचारायची, “फिटला का बाईंचा नवस?” मंगल म्हणायची, “न्हाय अजून.” असं वर्षानुवर्षं चाललं. अक्काताईचे केस पिकले, मंगलचे पिकायला लागले.

*

यंदा बाई अंथरुणाला खिळल्या. पोटाचा आजार, आणि तोही शेवटच्या टप्प्यात कळलेला. अंगाचं चिपाड झालं. क्लास दिवाळीपासूनच बंद होता. शाल्मली पुण्याहून आली आणि तिनं ठरवलं, आईवडलांना घेऊन जायचं, घराला कुलूप. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. मंगलचं काय, हे कुणी विचारलं नाही असं नाही. शाल्मलीनं विचारलं. यल्लाप्पाकडं जाईन, तो आदल्या दिवशीच न्यायला येईल, असं मंगलनं सांगितल्यावर तिला बरं वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे मागतील ते द्या, पथ्य आता कशाचं. बाई काही मागत नव्हत्या. पाणी सुद्धा चमच्यानं. आणि निघायच्या आदल्या सकाळी शेजारून आंब्याचा वास आला तशा त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “हापूस आहे.”

शाल्मलीनं ऐकलं. तिनं लगेच घरच्या पूजेला येणाऱ्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी माणूस व्यवहारी. म्हणाले, रंगप्रवेश म्हटलंय ना, किती मोठा ते कुठं म्हटलंय? घरातला सोपा म्हणजे रंगमंचच की, तिथंच नाच शिकवला जातो. एक दिवा लावा, एक नाच करा, नवस फिटला.

शाल्मली मागं हौदापाशी आली. मंगल कपडे पिळत होती.

“मंगल, एक काम होतं,” ती म्हणाली. “चार-पाच मिनिटांचं आहे. सोप्यात आईसमोर एवढं करून टाक.”

काय करून टाकायचं ते तिनं समजावून सांगितलं. मंगलनं पिळलेला कपडा दोरीवर टाकला, नीट झटकून. मग विचारलं, पोशाख कुठला घालू. शाल्मली म्हणाली, राहू दे गं, अंगावरचीच साडी चांगली आहे, सगळं सामान बांधलंय. मोबाईलवर गाणं लावते.

मंगल आत गेली आणि बाईंच्या उशाशी बसली. बाईंनी डोळे उघडले. त्यांना सगळं कळत होतं, तेच वाईट.

“तू नको म्हण, मंगल,” त्या म्हणाल्या. “तू नको म्हणालीस तर मी खाणार नाही.”

व्हय म्हटलं की झाला रंगप्रवेश. परत कधी, कुठल्या हॉलमध्ये, कुठल्या वर्षी, असं काही उरत नव्हतं. जन्मभर जे पुढच्या वर्षावर ठेवलं ते आज दुपारी, धुणं आणि बांधाबांध ह्यांच्या मध्ये, उरकून जाणार. नको म्हटलं तर ते तसंच राहिलं असतं, व्हायचं राहिलेलं, आणि ही बाई हापूसच्या वासावर मेली असती. चांगलंच खिंडीत गाठलं होतं तिला, आणि गाठणाऱ्या बाईंना मान उचलायचीही ताकद नव्हती.

तिला ती वाटी आठवली, हौदापाशी आईनं पुढं ठेवलेली. बाईंनी सोडलेला आंबा वाया गेला नव्हता. तो तिच्याच पोटात गेला होता.

“करते की,” ती म्हणाली.

बाईंचा पलंग ओढून सोप्याच्या दारात आणला. वकील खुर्चीत बसले. आता त्यांना कमी ऐकू यायचं आणि काय चाललंय ते अर्धंच समजलं होतं. शाल्मलीनं भिंतीवरच्या नटराजापुढं समई लावली आणि मोबाईल हातात घेऊन विचारलं, पायांचं एक छोटं लावू ना, तुझं पाठच असेल. मंगल म्हणाली, पायांचं नको, गुडघे धरलेत. चेहऱ्याचं करते. गाणं नको.

शाल्मलीनं घड्याळाकडं बघितलं.

सोपा अंधारा होता. सामान बांधताना खिडक्या लावून घेतलेल्या. मंगल नटराजाला हात लावून मधोमध येऊन बसली, मांडी घालून. पलंगावरून आवाज आला.

“खिडकी उघड. तिचा चेहरा दिसत नाही मला.”

शाल्मली उठली, खिडकी उघडली. दुपारचं ऊन सरळ मंगलच्या तोंडावर पडलं आणि चेहरा दिसायला लागला. डोळे, भुवया, ओठाची कड, सगळं स्वच्छ. एवढंच काम होतं. एका खिडकीचं.

मंगलनं यशोदा केली. पोर जेवत नाही, तोंड मिटून बसलंय. यशोदा घास पुढं करते, पोर मान वळवतं. ती दटावते, ते रुसतं. ती चंद्र दाखवते, चिमणी दाखवते. मग खोटंच रडते. पोर हळूच तिच्याकडं बघतं, आणि ती पदराआडून बघते की ते बघतंय का. कपाटाच्या काचेपुढं, चहा उकळेपर्यंतच्या वेळात बसवलेलं सगळं. शाल्मली मोबाईल खाली ठेवून बघायला लागली होती. वकील खुर्चीत पुढं सरकले, आणि अर्ध्यात त्यांनी कुणाला तरी विचारल्यासारखं विचारलं, ही आपली मंगल?



शेवटी यशोदेनं हात पुढं केला, घास धरलेला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “डावा खांदा पडतोय.”

मंगलनं खांदा उचलला आणि घास पोराच्या तोंडाशी नेला. मग नमस्कार करून उठली. गुडघा कटकन वाजला. टाळ्या वकिलांनी एकट्यांनी वाजवल्या, उशिरानं, आणि बराच वेळ.

“छान झालं गं,” शाल्मली म्हणाली. तिनं आईच्या कपाळावरचा घाम पुसला आणि मग पिशवी मंगलच्या हातात दिली.

मंगल खासबागेच्या बाजारात गेली. उन्हाची वेळ, गर्दी कमी. अक्काताई पोत्यावर टेकून पंख्यानं वारा घेत होती. मंगलनं एक आंबा उचलला, देठाशी हुंगला, खाली ठेवला. दुसरा उचलला. अक्काताई वासाबद्दल बोलायचं ते बोलली. मंगलनं चार निवडले, चारही आजच खायचे, दाबून बघून. पिशवीत देठ वर करून रचले.

“फिटला का बाईंचा नवस?” अक्काताईनं विचारलं. सवयीनं विचारलं, आणि उत्तर न ऐकताच पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली होती.

“फिटला,” मंगल म्हणाली.

घरी येऊन तिनं आंबे बादलीत पाण्यात टाकले, उष्णता जावी म्हणून. तोवर दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या. मग आंबे पुसले, फोडी केल्या, बारीक, सालं काढून. बाईंची वाटी शाल्मलीच्या हातात दिली आणि चमचा दिला. आतून वकिलांचा मोठा आवाज आला, गोड आहे का म्हणून विचारणारा. बाई काय म्हणाल्या ते मागं ऐकू आलं नाही.

मागच्या दाराशी यल्लाप्पाची मोटारसायकल येऊन थांबली होती. गाठोडं हौदाच्या कट्ट्यावर ठेवलेलं होतं. मंगलनं त्याला थांब म्हणून हात केला. सुरी धुतली, पाट धुतला, सालं आणि कोयी केळीच्या बुडाशी टाकल्या. पिशवीला आतून आंब्याचा चीक लागला होता. तो घासून काढला, पिशवी उलटी करून झटकली आणि दाराच्या मागच्या खिळ्याला अडकवली.